भाग्यविधाता म्हणजे पंचम जॉर्ज नव्हे

‘जन गण मन’ हे गीत रवींद्रनाथ ठाकुरांनी इंग्लंडच्या राजाच्या स्वागतासाठी लिहिले, हा आरोप स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिन जवळ आले की हमखास डोके वर काढतो. आरोप किरकोळ नाही. तो खरा असेल, तर शाळेच्या मैदानापासून सीमेवरच्या चौकीपर्यंत आपण सारे एका परक्या सम्राटाची आरती गात आलो, असा त्याचा अर्थ होतो. त्यामुळे ‘असले प्रश्न विचारूच नयेत’ असे दरडावून त्याला उत्तर देता येणार नाही. तारखा, त्या काळची वृत्तपत्रे आणि खुद्द गीताचे शब्द पुढे ठेवूनच ते द्यावे लागेल. हा सगळा पुरावा एकत्र पाहिला की माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो. राजाची स्तुती करा अशी मागणी झाली, तेव्हा कवीने राजाहूनही मोठ्या सत्तेचा जयजयकार केला. या गीताची देशभक्ती नेमकी तिथे आहे.

आधी प्रसंग पाहू. पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ रोजी मुंबईत अपोलो बंदरावर उतरले. याच भेटीची आठवण म्हणून पुढे तिथे गेटवे ऑफ इंडिया उभे राहिले. १२ डिसेंबरला दिल्ली दरबार भरला. बंगालची फाळणी रद्द झाल्याची आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा त्या दरबारात झाली. काँग्रेसचे अधिवेशन त्यानंतर कलकत्त्यात भरले आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, २७ डिसेंबरला, ‘जन गण मन’ पहिल्यांदा गायले गेले. त्या दिवशी राजा कलकत्त्यात नव्हताच. तो तिथे पोहोचला ३० डिसेंबरला. म्हणजे ‘राजासमोर गायलेले गीत’ ही लोकप्रिय आवृत्ती तारखांपुढेच गळून पडते. मात्र एवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, कारण त्याच दिवशी अधिवेशनात राजाच्या स्वागताचा ठराव खरोखरच मांडला गेला होता. सुरतेच्या फुटीनंतरची ती काँग्रेस नेमस्तांची होती, लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, आणि फाळणी रद्द झाल्याचा आनंद सर्वत्र ताजा होता. त्या वातावरणात असा ठराव येणे स्वाभाविक होते. राजाच्या स्तुतीचे एक गीतही त्या दिवशी गायले गेले. पण ते हिंदीत होते आणि रामभुज चौधरी यांनी रचलेले होते.

गोंधळ इथेच झाला. दुसऱ्या दिवशी ‘अमृत बाजार पत्रिका’ आणि ‘बंगाली’ या भारतीय मालकीच्या पत्रांनी दोन्ही गीतांची वेगवेगळी नोंद केली: आधी ठाकुरांचे बंगाली गीत, मग स्वागताचा ठराव, आणि त्यानंतर राजाच्या गौरवाचे हिंदी गीत. ‘स्टेट्समन’ आणि ‘इंग्लिशमन’ या इंग्रजांच्या पत्रांनी मात्र दोन्हींची सरमिसळ करून, ठाकुरांनी सम्राटाच्या स्वागतासाठी खास रचलेले गीत सादर झाले, असे छापून टाकले. रवींद्रनाथांचे नाव प्रसिद्ध, रामभुज चौधरींचे नाव अनोळखी. चूक कोणत्या दिशेने होणार हे जणू ठरलेलेच होते. एकाच घटनेची दोन परस्परविरोधी वृत्ते समोर असताना, गायलेले शब्द ज्यांना कळत होते त्यांचे मानावे, हा साधा न्याय आहे. गेली शंभर वर्षे आरोप करणारे नेमके दुसऱ्याच वृत्ताचा आधार घेत आले आहेत.

सर्वांत भक्कम पुरावा गीतात आहे, आणि तोच सर्वांत कमी वाचला जातो. आपण राष्ट्रगीत म्हणून गातो ते पाच कडव्यांपैकी फक्त पहिले. पुढची चार कडवी बहुतेकांनी कधी पाहिलेलीही नसतात. दुसऱ्या कडव्यात हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती असे सगळे त्या भाग्यविधात्याच्या हाकेने एकत्र येतात. तिसऱ्यात युगानुयुगे चालणाऱ्या यात्रेकरूंचा खडतर, चढउतारांचा रस्ता आहे आणि रथ हाकणारा चिरंतन सारथी आहे. भारतीय वाचकाला तिथे कुरुक्षेत्र आठवल्यावाचून राहत नाही. चौथ्या कडव्यात घनदाट रात्र आहे, देश पीडेने मूर्च्छित पडला आहे, आणि त्याला मांडीवर घेऊन जपणारी माता जागी आहे. कवी त्या भाग्यविधात्याला इथे थेट ‘माता’ म्हणतो. पाचव्यात रात्र सरते आणि उदयाचलावर सूर्य उगवतो. आता या वर्णनात पंचम जॉर्ज बसवून पाहावा. १९१० साली गादीवर आलेला राजा युगानुयुगांचा सारथी कसा होईल? आजारी देशाला मांडीवर घेणारी आई कशी होईल? आणि राजाच्या स्वागतगीतात, त्याच्याच राज्यातल्या देशाची अवस्था काळरात्र आणि मूर्च्छा अशी कोणता भाट रंगवील?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. गीतात सिंहासनाचा उल्लेख आहे, शेवटच्या कडव्यात राजेश्वराचा जयजयकार आहे. मग राजा नाही असे कसे म्हणता? उत्तर रवींद्रनाथांच्या त्या काळच्या लेखनात सापडते. परमेश्वराला राजा म्हणणे ही त्यांची रोजची भाषा होती. १९१० च्या त्यांच्या ‘राजा’ या नाटकातला राजा कधी दिसतच नाही. अंधारात भेटणारा तो ईश्वरच आहे. ‘गीतांजली’तही देव पुन्हा पुन्हा राजाच्या रूपात येतो. विठोबाला पंढरीचा राणा म्हणणाऱ्या मराठी माणसाला तर हे समजावून सांगण्याची गरजच पडू नये. शिवाय हे गीत १९१२ च्या जानेवारीत ब्राह्मो समाजाच्या ‘तत्त्वबोधिनी’ पत्रिकेत छापले गेले ते ब्रह्मसंगीत म्हणून, म्हणजे उपासनेचे गीत म्हणून. पहिल्या गायनानंतर महिनाभराच्या आतली ही नोंद आहे. तेव्हा कोणी खुलासा मागितला नव्हता आणि कोणाला तो द्यायचाही नव्हता, म्हणून तिचे मोल मला फार वाटते.

दुसरा आक्षेप नकाशाचा. गीतात फक्त ब्रिटिशांच्या थेट अमलाखालचे प्रांत आले, संस्थाने वगळली, यावरून ते राजाला उद्देशून होते, असे म्हणतात. हे १९११ च्या नकाशाशी ताडून पाहिले तर टिकत नाही. त्या साली ‘मराठा’ नावाचा प्रांत नव्हता. मराठी मुलूख मुंबई इलाखा, मध्यप्रांत-वऱ्हाड, हैदराबाद संस्थान, गोवा आणि कोल्हापूर, सांगली यांसारखी संस्थाने यांत विखुरलेला होता. ‘उत्कल’ही प्रांत नव्हता, ‘द्राविड’ही नव्हता, आणि ‘गुजरात’ म्हटले की त्यात बडोद्यासारखी संस्थाने आपोआप येत. उलट सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता आणि १९३६ पर्यंत राहिला, तरी गीतात त्याचे नाव स्वतंत्र येते. थोडक्यात, कवीने राज्यकर्त्यांनी आखलेल्या प्रशासकीय रेषा ओलांडून लोक, भाषा, पर्वत आणि नद्या यांचा देश उभा केला. संयुक्त महाराष्ट्र प्रत्यक्षात येण्याआधी जवळजवळ अर्धे शतक मराठी मुलूख या गीतात एका नावाखाली एकत्र आला होता. याच संदर्भात, सिंध आता पाकिस्तानात आहे म्हणून ते नाव काढून टाकावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. २००५ मध्ये ती फेटाळली गेली, आणि ते योग्यच झाले. राष्ट्रगीत म्हणजे भूमापनाचा दाखला नव्हे. शिवाय फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी माणसांनी, त्यातल्या हजारोंनी उल्हासनगरात, आपला सिंध बरोबर आणला होता.

कवीच्या चारित्र्यावरचा आक्षेप उरतो. रवींद्रनाथांनी १९३७ मध्ये पुलिनबिहारी सेन यांना लिहिलेल्या पत्रात सगळी हकीकत सांगितली आहे. सरकारदरबारी वजन असलेल्या एका परिचिताने त्यांना सम्राटाच्या जयजयकाराचे गीत लिहायला सांगितले. त्या विनंतीने ते चकित झाले, संतापले, आणि त्या संतापातूनच भारताच्या खऱ्या भाग्यविधात्याचे हे गीत लिहिले गेले. तो भाग्यविधाता कोणताही जॉर्ज असूच शकत नाही, हे त्या राजभक्त परिचितालाही कळले, असे ते नमूद करतात. पुढे १९३९ च्या पत्रात तर, आपण इतके मूर्ख असू असे ज्यांना वाटते त्यांना उत्तर देणे हाच आपला अपमान आहे, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. आता कोणी म्हणेल, सव्वीस वर्षांनी दिलेल्या खुलाशावर विश्वास का ठेवावा, आणि १९१५ मध्ये ‘सर’ ही पदवी घेणारा माणूस राजनिष्ठ नव्हता कशावरून? पहिल्या शंकेचे उत्तर वर आलेच: १९१२ चा छापील पुरावा खुलाशाशी तंतोतंत जुळतो. दुसऱ्या शंकेबाबत, त्यांनी पदवी स्वीकारली हे खरेच आहे, ते झाकण्याचे कारण नाही. पण जालियनवाला बागेनंतर, १९१९ च्या मे महिन्यात, व्हाइसरॉयला जळजळीत पत्र लिहून ती परत करण्याची मागणी करणारेही तेच होते, आणि तेव्हा देशातले बहुतेक नेते अजून शब्द जुळवत होते. शिवाय हे गीत लिहिले गेले त्याच सुमारास पूर्व बंगालच्या सरकारने, सरकारी नोकरांच्या मुलांसाठी शांतिनिकेतन अयोग्य आहे, असे परिपत्रक काढले होते. ज्याने आपली स्तुती गायली त्याच्या शाळेशी कोणतेही सरकार असे वागत नाही.

गीताचा अर्थ पुढच्या पिढ्यांनी कसा घेतला, हाही पुरावाच आहे. १९१७ मध्ये अॅनी बेझंट नुकत्याच स्थानबद्धतेतून सुटून काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, त्या कलकत्ता अधिवेशनात ते पुन्हा गायले गेले. सुभाषचंद्र बोस यांच्या उपस्थितीत १९४२ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये ते वाद्यवृंदावर वाजले, आणि आझाद हिंद सरकारने त्याच चालीवरचे त्याचे हिंदुस्थानी रूप आपले राष्ट्रगीत केले. पंचम जॉर्जचा मुलगा इंग्लंडच्या गादीवर असताना त्याच्याविरुद्ध शस्त्र उचललेल्या सैनिकांच्या ओठी ही चाल होती.

‘वंदे मातरम्’ला डावलून हे गीत लादले गेले, ही समजूत महाराष्ट्रात विशेष खोल आहे, आणि त्यामागे खरी भावना आहे. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी ‘वंदे मातरम्’ समूहाला गाता येईल आणि बँडवर वाजवता येईल अशा चालीत बांधले आणि संविधान सभेच्या सदस्यांना ते ऐकवले. त्यांची ती धडपड मराठी संगीताच्या इतिहासात मानाने लिहावी अशी आहे. पण वस्तुस्थिती अशी की १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभेत भारताचे गीत मागितले गेले, तेव्हा आपल्या प्रतिनिधींकडे ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, तिच्यावरून वाद्यवृंदाने ते गीत वाजवले आणि ते आवडले. पुढे नेहरूंनी प्रांतांच्या राज्यपालांचे मत मागवले. मध्यप्रांत, म्हणजे नागपूर राजधानी असलेला प्रांत, सोडून सर्वांनी संमती दिली. २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी संविधान सभेत निवेदन करून ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरवले आणि ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान दिला. त्यावर मतदान झाले नाही, हा आक्षेप मला रास्त वाटतो; इतक्या महत्त्वाच्या गोष्टीवर खुली चर्चा व्हायला हवी होती. पण दोन्ही गीतांत शत्रुत्व उभे करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये ‘वंदे मातरम्’ गाणारे स्वतः रवींद्रनाथच होते.

युनेस्कोने ‘जन गण मन’ला जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवले, हा फिरता निरोपही खोटा आहे, युनेस्कोने असे काही जाहीर केलेले नाही. गीताची भाषा हिंदी नसून संस्कृतप्रचुर बंगाली आहे, आणि पूर्ण गायनाला सुमारे ५२ सेकंद लागतात.

शेवटचा गैरसमज कायद्याचा: गीत न गाणे हा गुन्हा आहे, असे अनेकांना वाटते. १९७१ चा राष्ट्रीय सन्मान कायदा, राष्ट्रगीत गाण्यात हेतुपुरस्सर अडथळा आणणाऱ्याला किंवा ते गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगतो. गाण्याची सक्ती करत नाही. चित्रपटगृहांत ते वाजवण्याची प्रथा महाराष्ट्रात २००३ पासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती देशभर सक्तीची केली आणि ९ जानेवारी २०१८ रोजी ती सक्ती मागे घेतली. त्याच्या खूप आधी, १९८६ मध्ये, केरळमधल्या एका शाळेतल्या तीन मुलांचा खटला याच न्यायालयासमोर आला होता. राष्ट्रगीताच्या वेळी ती मुले आदराने उभी राहत; आपल्या धर्मश्रद्धेमुळे फक्त गात नसत, आणि तेवढ्यासाठी त्यांना शाळेतून काढले होते. आदराने उभे राहण्यात अपमान नाही, असे सांगून न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावले.