बुडबुड्यांचा मारा

कृष्णेकाठच्या उपसा पंपातून खडी खुळखुळल्यासारखा आवाज येऊ लागला, की सांगली-साताऱ्याकडचा फिटर आधी सक्शनकडे बघतो. पंप खोलला तर इम्पेलरच्या पात्यांवर बारीक बारीक खड्डे पडलेले. खडीचा मात्र पत्ता नसतो. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर वसवलेल्या किर्लोस्करवाडीचं नाव पंपांशी जोडलेलं आहे, आणि पंप बनवणाऱ्यांचा हा जुना वैरी: कॅव्हिटेशन.

दाब पुरेसा घटला, की थंड पाण्यालाही उकळी फुटते. वाफेचे सूक्ष्म बुडबुडे उठतात, पुढे दाब वाढताच मायक्रोसेकंदांत मिटतात. धातूलगतचा बुडबुडा एका अंगाने ढासळतो, आणि केसाहून बारीक धार पात्यावर आदळते. बिडाचाही तिच्यापुढे निभाव लागत नाही.

हेच काम मुद्दाम करून घ्यायचं, तर आवाज लागतो. टायटॅनियमची कांडी द्रवात बुडवून ती सेकंदाला वीस हजार वेळा थरथरवायची. लाट पाणी ताणते तेव्हा बुडबुडे फुगतात, दाबते तेव्हा कोसळतात. कोसळत्या बुडबुड्यात क्षणभर हजारो अंश तापमान असतं. चंचुपात्र मात्र जेमतेम कोमट. तेल-पाणी एकजीव करायला किंवा जिवाणूंच्या पेशी फोडायला प्रयोगशाळांत ही कांडी सर्रास वापरतात.

पण पिंपभर द्रव आला, की तिचा जोर संपतो. टोकापासून काही सेंटिमीटरवरच मारा विरतो.

माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतलं काम इथेच वेगळं ठरतं. अनिरुद्ध पंडित आणि ज्येष्ठराज जोशी यांनी १९९३ साली तेलाच्या विघटनावर लिहिताना आवाजाच्या जोडीला दुसरी वाट मांडली: पंपाने द्रव अरुंद वाटेतून रेटायचा. तिथे वेग वाढतो, दाब पडतो, बुडबुडे उठतात; पलीकडे मोकळ्या जागेत ते मिटतात. कांडीच्या जागी भोकं पाडलेली चकती. किर्लोस्करवाडीच्या वैऱ्याला माटुंग्यात नोकरी मिळाली, म्हणा ना!

साखरपट्ट्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मळीपासून लिटरभर अल्कोहोल काढताना त्याच्या कितीतरी पट तपकिरी सांडपाणी निघतं, आणि त्यातून बायोगॅस काढून घेतला तरी रंग हटत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी पंडितांच्या गटासोबत असं पाणी या पद्धतीने फिरवून पाहिलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात रंग फिका पडला आणि उरलेली घाण जिवाणूंना पचायला सोपी झाली.

अर्थात दाब हवा तेवढा वाढवून भागत नाही. एका मर्यादेपलीकडे बुडबुडे एकमेकांत मिसळून वाफेचा ढग होतो आणि मारा बोथट पडतो. म्हणून भोकांचा आकार आणि पंपाचा दाब त्या त्या सांडपाण्यागणिक नव्याने बसवावा लागतो.