अतिशीत तपमानातील इलेक्ट्रॉनिकी

कृत्रिम रेतनासाठी लागणारे गोठित वीर्य द्रवरूप नायट्रोजनच्या ज्या पात्रातून गावोगावी नेले जाते, ते पात्र ग्रामीण भागातील पशुपालकांच्या परिचयाचे आहे. या द्रवाचे तपमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते. याच द्रवात इलेक्ट्रॉनिक मंडले बुडवून त्यांची कसोटी घेणे, हे पीएच.डी. पदवीनंतर भौतिकशास्त्राच्या मोठ्या प्रयोगांत काम करणाऱ्या अनेक तरुण संशोधकांचे कार्य आहे.

थंडीची आवश्यकता

न्यूट्रिनो हा कण पदार्थातून बहुधा कोणतीही खूण न ठेवता आरपार जातो. वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंचा मागोवा १९६५ मध्ये कोलारच्या सुवर्णखाणीत लागला. त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. अमेरिकेत उभारल्या जात असलेल्या ‘ड्यून’ प्रयोगात शिकागोजवळील फर्मी प्रयोगशाळेतून निघणारे न्यूट्रिनो भूगर्भातून १,३०० किलोमीटर अंतर कापून दक्षिण डाकोटा राज्यात पोहोचावयाचे आहेत. तेथे सुमारे दीड किलोमीटर खोलीवर प्रचंड टाक्यांची योजना असून, प्रत्येकीत सुमारे १७ हजार टन द्रवरूप आर्गॉन राहील. त्याचे तपमान उणे १८६ अंश असते.

न्यूट्रिनो आर्गॉनच्या अणूवर आदळला, म्हणजे त्यातून निघणारे भारित कण वाटेतील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे करतात. विद्युतक्षेत्रामुळे ते ग्राहक तारांकडे सरकतात. एका तारेच्या वाट्याला येणारा भार काही हजार इलेक्ट्रॉनांइतकाच असतो. असा क्षीण संकेत लांब केबलने बाहेर आणल्यास केबलच्या धारितेमुळे गोंगाट वाढतो व संकेत त्यात बुडून जातो. म्हणून विवर्धक तारांजवळ, आर्गॉनमध्येच बसविला जातो. थंडीत उष्णताजन्य गोंगाट घटतो आणि सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन अधिक चपळ होतात, हा दुहेरी लाभ होय.

अडचणी व उपाय

तथापि, हीच चपळता घातकही ठरते. वेगवान इलेक्ट्रॉन ट्रान्झिस्टरच्या नाजूक थराला हळूहळू इजा करतात व चिपचे आयुष्य घटते. निरनिराळे पदार्थ थंडीत कमीअधिक आकुंचन पावत असल्याने सांधे तडकण्याची भीती असते. एकदा टाकी भरली की आतील मंडलांची दुरुस्ती शक्य नसते. ती काही दशके अखंड चालली पाहिजेत. यास्तव ट्रान्झिस्टरच्या वाहिनीची लांबी वाढविणे व विद्युतदाब कमी ठेवणे, असे उपाय योजले जातात. प्रत्येक मंडल थंड करून, पुन्हा तापवून तपासले जाते. मुद्दाम अधिक दाब देऊन थोड्या अवधीत चिपची झीज घडविली जाते व त्यावरून तिच्या आयुष्याचा अंदाज बांधला जातो.

युरोपातील सर्न प्रयोगशाळेत २०१८ मध्ये अशा एका प्रारूप यंत्राची चाचणी झाली. त्यातील १५,३६० वाचन-वाहिन्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक कार्यक्षम आढळल्या.

टाटा संस्थेतही कथिलाच्या अणुकेंद्रातील एका अतिदुर्मीळ क्षयाचा शोध घेण्यासाठी निरपेक्ष शून्यानजीकच्या तपमानावर चालणाऱ्या शोधकाचे संशोधन हाती घेण्यात आले. अशा कामासाठी भौतिकशास्त्राच्या ज्ञानाबरोबरच मंडलरचना, धातूंचे गुणधर्म व हातकौशल्य यांचीही जोड लागते. शाळा-महाविद्यालयांतील प्रयोगशाळेत स्वतः जोडणी करून मोजमाप घेण्याची सवय म्हणूनच मोलाची आहे.