दुखणे सांध्याचे, खोट रक्तात

विशी-पंचविशीतल्या तरुणाचे गुडघे, खुबे, पाठ पुन्हा पुन्हा ठणकते, चार पायऱ्या चढताच धाप लागते, डोळे मधूनच पिवळसर दिसतात. ‘संधिवात’ किंवा ‘अशक्तपणा’ म्हणून त्याची बोळवण होते. कारणे अनेक असतात. पण विदर्भापासून छत्तीसगडपर्यंतच्या पट्ट्यात सिकलसेलची शंका आधी घ्यावी.

या विकारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या १४६ दुव्यांपैकी एकच बदललेला असतो: सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. प्राणवायू सोडताच असे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे दांडे तयार होतात आणि मऊ तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. मोरीत काटक्या अडकून पाणी तुंबावे, तशा या पेशी केशवाहिन्यांत अडकतात. पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही. म्हणजे कळ सांध्यात जाणवली तरी मूळ पुष्कळदा हाडात असते. खुब्याचा गोळा खचून माणूस लंगडूही लागतो. थकव्याचे कारण वेगळे. एरवी १२० दिवस टिकणारी पेशी इथे १०-२० दिवसांत फुटते, आणि नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी तिचे आयुष्य वाढत नाही.

या विकाराचा पहिला नोंदलेला रुग्णही विशीतलाच होता: ग्रेनाडाहून शिकागोला दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल. डिसेंबर १९०४ मध्ये त्याच्या रक्तातल्या लांबट, वेड्यावाकड्या पेशी पाहिल्या त्या अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टराने. १९१० चा निबंध मात्र वरिष्ठ जेम्स हेरिक यांच्या एकट्याच्या नावावर आहे, आणि पाठ्यपुस्तकांत नाव राहिले तेही हेरिक यांचेच. भारतात १९५२ साली निलगिरीत नोंद झाली; मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. त्यांनाही आज फारसे कोणी आठवत नाही.

भारतातल्या अनेक रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त उरते. ते दांडे जुळू देत नाही, त्यामुळे आजार सौम्य राहतो आणि निदान लांबते. वाहकाला (एएस) सहसा त्रास नसतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार (एसएस) होण्याची शक्यता चारात एक. विद्राव्यता चाचणीत रक्ताचे मिश्रण गढूळ झाले, तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री करतात. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले होते.

त्याच वर्षी मंजूर झालेल्या जनुक-संपादनाच्या उपचाराचा गाजावाजा फार झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. तेच गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवणारी हायड्रॉक्सियुरियाची साधी कॅप्सूल तिथे १९९८ पासूनच मान्यताप्राप्त आहे.