मदतनीस पेशी आणि कर्करोग : बार्शी ते खारघर

भारताच्या ग्रामीण भागातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पाठबळ, मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे मार्गदर्शन आणि बार्शी, परंडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे असा तिचा पसारा होता. दवाखान्याच्या दारात आलेल्या रुग्णांवर समाधान न मानता नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन विचारपूस करत राहिले, आणि त्यातून स्पष्ट झाले की या भागातील स्त्रियांना सर्वाधिक ग्रासणारा कर्करोग गर्भाशयमुखाचा, म्हणजे बायाबापड्यांच्या बोलीत पिशवीच्या तोंडाचा आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेचे वेळापूर या ३४६ गावांत नव्हते. तेथून बार्शी गाठायची तर पंढरपूर आणि कुर्डुवाडी ओलांडून अर्धाअधिक जिल्हा पार करावा लागतो. तरीही वेळापूरसारख्या गावांतील रोगाचे चित्र पुढे अनेक वर्षे बार्शीच्या आकड्यांवरूनच ताडावे लागले.

या कर्करोगाचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूत आहे, हे हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या गाठींत या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार शोधून दाखवले आणि त्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण या शोधाने एक प्रश्न अधिकच टोकदार केला. हा विषाणू लैंगिक आयुष्यात असंख्य स्त्रियांच्या शरीरात शिरतो, त्यांपैकी बहुतेकींच्या शरीरातून तो दोन वर्षांच्या आत नाहीसा होतो आणि थोड्याच जणींमध्ये वर्षानुवर्षे ठाण मांडून पेशींना कर्करोगाच्या वाटेवर नेतो. मग विषाणू घालवणारे शरीरातील बळ कोणते? याच विषाणूच्या कुळामुळे येणाऱ्या, पण मावळत चाललेल्या चामखिळींच्या ऊतींची तपासणी केल्यावर तेथे ज्या पेशींची गर्दी आढळली त्यांत ‘मदतनीस टी पेशी’ प्रमुख होत्या. या नावामागचा इतिहास समजून घेतल्याशिवाय पुढचे नीट उलगडत नाही.

छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या थायमस या ग्रंथीला १९६० पर्यंत फारसे महत्त्व दिले जात नव्हते. १९६१ मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली, तेव्हा त्या उंदरांची प्रतिकारशक्तीच ढासळली. थायमसमध्ये परिपक्व होणाऱ्या पांढऱ्या पेशींना पुढे त्या ग्रंथीच्या आद्याक्षरावरून टी पेशी म्हटले जाऊ लागले. दशक संपण्यापूर्वी हेही कळले की प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना चिकटून त्यांना निष्प्रभ करणारी प्रथिने, तयार करण्याचे काम अस्थिमज्जेतून आलेल्या बी पेशी करत असल्या, तरी टी पेशींची साथ नसेल तर ते काम नीट होत नाही. १९७५ मध्ये कँटर आणि बॉइस यांनी पेशींच्या पृष्ठभागावरील खुणांच्या आधारे टी पेशींचे दोन वर्ग वेगळे केले : रोगट पेशीला थेट मारणाऱ्या मारक पेशी आणि इतरांना साह्य करणाऱ्या मदतनीस पेशी. मदतनीस पेशींच्या अंगावर सीडी४ नावाचे प्रथिन असते, म्हणून त्यांना सीडी४ पेशी असेही म्हणतात.

‘मदतनीस’ या नावाने या पेशींवर एक प्रकारे अन्याय केला. कर्करोगाच्या संशोधनात पुढची दोन दशके लक्ष मारक पेशींवर खिळले, कारण गाठीतील पेशीला प्रत्यक्ष ठार करताना त्याच दिसत होत्या. १९९८ मध्ये तीन संशोधकगटांनी एकाच वेळी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी मात्र हा क्रम उलटा करून दाखवला. शरीरात परक्या प्रथिनांचे तुकडे गोळा करून ते टी पेशींपुढे मांडण्याचे काम वृक्षिका पेशी करतात. झाडासारख्या फांद्या असल्यामुळे त्यांना हे नाव पडले. मदतनीस पेशी आधी या वृक्षिका पेशीला भेटते, तिच्यावरील सीडी४० या प्रथिनामार्फत तिला जागे करते आणि अशी जागी झालेली वृक्षिका पेशीच मारक पेशीला कामाला जुंपू शकते. ज्या वृक्षिका पेशीला मदतनीस पेशीचा हा परवाना मिळालेला नाही, तिच्या सांगण्यावरून मारक पेशी पेटून उठत नाहीत आणि उठल्या तरी त्यांची स्मृती टिकत नाही. जिच्या संमतीवाचून लढाई सुरूच होत नाही, तिला मदतनीस म्हणणे अपुरे आहे.

प्रयोगशाळेने हे दाखवण्यापूर्वीच एका महासाथीने त्याचा क्रूर पुरावा दिला होता. एचआयव्ही हा विषाणू सीडी४ प्रथिनाच्याच दारातून पेशीत शिरतो आणि मदतनीस पेशी हळूहळू संपवतो. भारतात या विषाणूचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांनी उघडकीस आणला; त्या तेथे स्थायिक झालेल्या मराठी गायतोंडे कुटुंबातील होत्या आणि त्यांनी उभारलेल्या संशोधन केंद्राला त्यांच्या वडिलांचे नाव आहे. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये एरवी ५०० ते १५०० असणाऱ्या सीडी४ पेशी २०० च्या खाली गेल्या की विषाणूजन्य कर्करोग डोके वर काढतात, हे जगभर दिसत गेले आणि १९९३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पसरत्या गर्भाशयमुख कर्करोगाचा समावेश एड्सच्या लक्षणरोगांत केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एचआयव्हीबाधित स्त्रीला हा कर्करोग होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या सहापट असते.

तथापि मदतनीस पेशींची बाजू नेहमी रुग्णाचीच असते असे मानणे चूक ठरेल. १९८६ मध्ये मॉसमन आणि कॉफमन यांनी त्यांचे दोन प्रकार वेगळे केले : पहिला प्रकार इंटरफेरॉन गॅमा हे रसायन सोडून मारक व भक्षक पेशींना चेतवतो, तर दुसरा प्रतिपिंडांच्या निर्मितीला वळण देतो. उंदरांच्या स्तनकर्करोगावरील २००९ च्या एका अभ्यासात असे दिसले की या दुसऱ्या प्रकारच्या रसायनांनी भक्षक पेशींचा स्वभावच पालटतो आणि त्या कर्करोगाला फुप्फुसापर्यंत पसरण्यास हातभार लावू लागतात. याखेरीज सीडी४ पेशींमध्ये नियामक पेशींचा एक गट असतो, जो प्रतिकारशक्तीला आवर घालून शरीराचे स्वतःपासूनच रक्षण करतो. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये तो ओळखला आणि २०२५ च्या नोबेल पारितोषिकात मेरी ब्रंकाऊ व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह त्यांचा गौरव झाला. अनेक गाठींमध्ये याच नियामक पेशी दाटीने जमून मारक पेशींचे हात बांधतात.

या ज्ञानाचा उपचारात उपयोग होऊ लागला तो २००८ च्या सुमारास. त्या वर्षी सिएटलच्या संशोधकांनी त्वचेच्या पसरलेल्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या रक्तातील योग्य त्या मदतनीस पेशी निवडून, त्या सुमारे ५०० कोटींपर्यंत वाढवून त्यालाच परत दिल्या आणि दोन वर्षांनंतरही त्याच्या शरीरात रोगाचा मागमूस आढळला नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील लायडन येथे योनिद्वाराच्या कर्करोगपूर्व विकृती असलेल्या स्त्रियांना पॅपिलोमा विषाणूच्या प्रथिनांचे लांब तुकडे लस म्हणून टोचण्यात आले. वर्षभरानंतर १९ पैकी ९ जणींची विकृती पूर्णपणे नाहीशी झाली.

त्याच २००९ मध्ये बार्शीहून निघालेल्या कामाचा निष्कर्ष जगापुढे आला आणि सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने तो वरील दोन्हींहून मोठा होता. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचे डॉ. भगवान नेने, टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन यांच्या चमूने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा आठ वर्षे मागोवा घेतला होता. विषाणूची तपासणी केलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्याच सोयींवर ठेवलेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलनेच्या गटाला तपासणी न देण्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि त्या ६४ मृत्यूंकडे पाहता ते आक्षेप रास्त वाटतात. या तपासणीच्या यशाचे मर्मही प्रतिकारशक्तीतच आहे : तिशी उलटलेल्या स्त्रीच्या शरीरात विषाणू सापडणे म्हणजे बहुधा तिच्या मदतनीस पेशींना तो वेळेत हुसकावता आलेला नाही, आणि नेमक्या अशाच स्त्रिया तपासणीतून वेगळ्या काढल्या जातात.

पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग टाळणाऱ्या लसीच्या बाबतीतही बार्शीचा वाटा आहे. २००९ मध्ये देशातील अनेक केंद्रांवर १० ते १८ वयाच्या मुलींना दोन की तीन मात्रा द्याव्यात हे ठरवण्यासाठी चाचणी सुरू झाली, त्यांत बार्शीही होते. २०१० मध्ये सरकारने अशा चाचण्यांतील लसीकरण थांबवल्याने हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. त्या मुलींची निगराणी मात्र थांबली नाही, आणि २०२१ मध्ये दिसले की एका मात्रेनेही १६ व १८ क्रमांकांच्या विषाणूंच्या चिवट संसर्गापासून ९५ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते. लसिका ग्रंथींत बी पेशींना दीर्घकाळ प्रतिपिंडे बनवण्याची तालीम देणाऱ्या मदतनीस पेशींवाचून असे टिकाऊ संरक्षण उभे राहत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या देशी लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

दरम्यान बोस्टनमध्ये काम करताना राहुल पुरवार यांनी २०१२ मध्ये इंटरल्यूकिन ९ हे रसायन स्रवणाऱ्या मदतनीस पेशी उंदरांतील त्वचाकर्करोगाची वाढ रोखतात असे दाखवले. पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत येऊन त्यांनी टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसह रुग्णाच्या टी पेशींना कर्करोग ओळखणारा कृत्रिम ग्राहक बसवण्याची पद्धत विकसित केली. तिचा पहिला रुग्ण जून २०२१ मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघर येथील केंद्रात दाखल झाला आणि नेक्सकार१९ या नावाने तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती बी पेशींच्या रक्तकर्करोगांपुरती आहे, आणि परदेशातील अशा उपचारांच्या मानाने तिचा खर्च बराच कमी असला, तरी लाखोंच्या घरातील ती रक्कम वेळापूरच्या शेतमजुराच्या आवाक्यात येत नाही. अशा पेशी शरीरात किती काळ टिकतात याचे उत्तर फिलाडेल्फियातील दोन रुग्णांनी दिले आहे. २०१० मध्ये त्यांना बदललेल्या टी पेशी देण्यात आल्या होत्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, दहा वर्षांनंतरही त्या पेशी जिवंत होत्या, रोग परतला नव्हता, आणि टिकून राहिलेल्या त्या पेशींपैकी बहुसंख्य मारक वर्गातील नसून सीडी४ वर्गातील होत्या.