ऑनलाइन समुदाय आणि आपले छोटे उद्योजक

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले बहुतेक विद्यार्थी नोकरीत रमले. परंतु अलीकडच्या तुकड्यांतील काहीजण स्वतःच्या व्यवसायात शिरले आहेत, याचे आम्हांस विशेष समाधान वाटते. कोणी भोसरीत जॉबवर्क घेतो, कोणी छपाईचे काम करतो, कोणी खानावळ सांभाळते. भेटीस आले की त्यांची तक्रार बहुधा एकच असते : अडले तर विचारावे कोणाला? पेठेतील जुन्या व्यापारी घराण्यातल्या मुलास हा प्रश्न पडत नाही. त्याचा मामा घाऊक व्यापारी असतो, शेजारी कर सल्लागार असतो. ही न दिसणारी पुंजी आपल्या मुलांस वारशाने मिळालेली नाही.

तिच्या अभावी विद्वत्ताही कशी थिटी पडते, हे बाबासाहेबांच्या आयुष्यात दिसते. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून परतल्यावर त्यांनी मुंबईत शेअर बाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय मांडला होता. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. ज्ञानात उणे काहीच नव्हते. त्या ज्ञानाला आपले म्हणणारा बाजार नव्हता.

वास्तविक एका धंद्यातील लोकांनी संघ करून पत मिळवणे आपल्या भूमीस नवे नाही. जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख आहे. नाशिकच्या लेण्यातील लेख तर हिशेबाच्या वहीसारखा आहे. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने कायम ठेव म्हणून ठेवले. वर्षाचे व्याज झाले २४०; त्यातून वर्षावासातील वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. राजघराण्यातील माणसाने पैसा विणकरांकडे ठेवला, तो एका विणकराकडे पाहून नव्हे, श्रेणीकडे पाहून.

आपल्या पुण्यातच २००५ साली मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे ‘डिक्की’, स्थापन केली. तिच्यासारख्या संघटनांचे मोल खरेदीच्या नियमांतून कळते. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार सरकारी खाती व सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीपैकी चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची आहे. २०१६ पासून ‘जेम’ या सरकारी ऑनलाइन बाजारातून खरेदी होऊ लागली. पण नियम राजपत्रात असणे आणि तो भोसरीतल्या शेडमध्ये ठाऊक असणे, यांत फार अंतर आहे.

ते अंतर ऑनलाइन समुदाय कापतात, असा आमचा अनुभव आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की नव्या संधीची बातमी जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक येते. जिवलगांना जे ठाऊक असते ते आपणासही ठाऊकच असते. एकाच वस्तीत वाढलेल्या मुलास तोंडओळखीचा हा विस्तार प्रथमच हाती लागतो आहे. मोठ्या कंपन्याही यापासून दूर नाहीत. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी एका ऑनलाइन चर्चागटात जाहीर केलेल्या लिनक्सवर आज इंटेलसारख्या कंपन्या आपले अभियंते पगार देऊन काम करवतात, कारण ज्यावर धंदा चालतो ते तिथे घडते.

मात्र समुदायात पहिल्याच दिवशी जाहिरातीचे पत्रक घेऊन शिरणाऱ्यास कोणी उभे करत नाही. (सकाळच्या फुलांच्या शुभेच्छांनीही पत वाढत नाही, हे जाता जाता सांगावेसे वाटते.) आधी महिनाभर वाचावे. आपणास जे येते त्याचे उत्तर द्यावे, आपल्या मालात खोट निघाली तर ती सर्वांसमक्ष कबूल करावी. बँकेचा तपशील किंवा ओटीपी तिथे कधीही देऊ नये, आणि ऐकलेला सल्ला मूळ कायद्याशी ताडून पाहावा.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे बिल मोठ्या गिऱ्हाइकाने आठ महिने अडवले होते. बोललो तर पुढचे काम जाईल, या भीतीने तो गप्प होता. लघुउद्योजकांच्या एका ऑनलाइन समूहात त्याने नाव न घेता विचारले. अनोळखी माणसाने रात्रीच उत्तर लिहिले : उद्यम नोंदणी आहे ना? मग २००६ च्या कायद्याप्रमाणे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. पुढच्या विलंबावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते, आणि ‘समाधान’ या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. त्याने कलमांचा उल्लेख करून नम्र पत्र धाडले. मुद्दल आले, व्याज त्याने मागितले नाही. ते मागायला हवे होते, असे आम्ही त्यास म्हणालो. तो हसला. आता त्याच समूहात बिलाविषयी विचारणाऱ्यांस तो उत्तरे लिहितो, आणि व्याज सोडू नका असे सांगतो.