शब्दांची कणगी भरणारा साहेब

१८२३ साली रॉबिन्सन नावाच्या कॅप्टनाने चिखलदऱ्याचा डोंगर पाहिला. मग साहेब लोक उन्हाळ्यात इथे येऊ लागले. त्याच काळी मुंबईच्या फौजेत दुसरा एक साहेब होता. त्याने डोंगर नाही शोधले. त्याने मराठी शब्द शोधले.

त्याचे नाव जेम्स मोल्सवर्थ. १७९५ साली विलायतेत जन्मला. मिसरूड फुटायच्या वयात फौजेच्या नोकरीवर हिंदुस्थानात आला. इथे त्याला मराठीची गोडी लागली. पण नव्या माणसाला शब्दाचा अर्थ सांगणारे मोठे पुस्तक तेव्हा नव्हते. अशा पुस्तकाला कोश म्हणतात. कोश म्हणजे शब्दांची कणगीच समजा!

ही कणगी भरायला त्याने शास्त्री मंडळी जवळ बसवली. फौजेतलेच कँडी नावाचे दोघे जुळे भाऊ मदतीला आले. शब्द गोळा करायचे, अर्थ पारखायचे, मग सारे हाताने लिहायचे. १८३१ साली कोश छापून निघाला. सुमारे ४०,००० शब्द! ते नुसते पोथीतले नव्हेत बरं का. शेतातले, बाजारातले, म्हणीसुद्धा त्यात आहेत. लोक साहेबाला ‘मोलेसरशास्त्री’ म्हणू लागले.

लढाईचा पेशा आपल्या धर्मात बसत नाही, असे त्याला वाटू लागले. त्याने नोकरी सोडली, पेन्शनही घेतली नाही. १८३६ साली तो मायदेशी गेला.

सरकारने त्याला पुन्हा बोलावले. १८५१ साली तो आला आणि महाबळेश्वरी बसून काम करू लागला. तेही चिखलदऱ्यासारखेच थंड हवेचे ठिकाण. १८५७ साली दुसरी आवृत्ती निघाली, शब्द झाले सुमारे ६०,०००. तो १८७१ साली विलायतेत वारला.

कोश पाहणे अवघड नाही. शब्द अक्षरांच्या क्रमाने लावलेले असतात. ‘वावर’ पाहायचा तर ‘व’ काढा. तुम्ही शिकलात तीच ही अक्षरे. कोणी वावर म्हणतो, कोणी रान, कोणी शेत. कोशात तिघांनाही जागा.

पुढे दाते आणि कर्वे यांनी १९३२ पासून ‘महाराष्ट्र शब्दकोश’ काढला. त्यात मराठीचा अर्थ मराठीतच दिला आहे. एखाद्या शब्दापुढे कंसात ‘व.’ दिसला, तर तो शब्द आपल्या वऱ्हाडातला.