‘सजेस्ट’ म्हणजे ‘सिद्ध झालं’ नव्हे

इंग्रजी शोधनिबंध वाचायला घेतलात की एक क्रियापद जागोजागी भेटतं: सजेस्ट. शाळेत आपण त्याचा अर्थ ‘सुचवणे’ असा शिकतो. तो बरोबर आहे, पण अर्धाच.

पहिला अर्थ: माणूस सुचवतो. इथे मराठीची सवय आड येते. ‘मला एखादं पुस्तक सुचव’ याचं आपण सर्रास ‘सजेस्ट मी अ बुक’ करतो. प्रमाण इंग्रजीत ‘सजेस्ट अ बुक टू मी’ किंवा नुसतं ‘सजेस्ट अ बुक’ म्हणतात. तसंच, ‘सजेस्टेड टू गो’ नाही, ‘सजेस्टेड गोइंग’.

दुसरा अर्थ: पुरावा सुचवतो. सकाळी रस्ता ओला दिसला की आपण म्हणतो, ‘रात्री पाऊस पडला असावा.’ टँकरही गळला असेल, पण पावसाची शक्यता जास्त. ‘द रिझल्ट्स सजेस्ट’ म्हणजे हेच ‘असावा’. ‘शो’ यापेक्षा ठाम, ‘प्रूव्ह’ सगळ्यात ठाम. आणि ‘मे सजेस्ट’ दिसलं, तर लेखक आणखी जपून बोलतोय असं समजा.

दोन्ही अर्थ एकाच निबंधात सापडतात. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. पहिल्याच वाक्यात ते ही रचना ‘सजेस्ट’ करतात, म्हणजे प्रस्ताव ठेवतात. शेवटाकडे म्हणतात की, रचनेतल्या जोड्याच डीएनएची नक्कल कशी होत असेल ते ‘सजेस्ट’ करतात. इथे सुचवणारा माणूस नाही, रचना आहे. नक्कल खरोखर तशी होते याचा भक्कम पुरावा मेसेल्सन आणि स्टाल यांच्या प्रयोगातून १९५८ साली आला. मधली पाच वर्षं ते ‘असावं’च होतं.

हा फरक फक्त परीक्षेपुरता नाही. समजा, निबंधात लिहिलंय, ‘या अर्काचा मधुमेहींना उपयोग होत असावा.’ बातमीत त्याचं ‘मधुमेहावर औषध सापडलं!’ होतं. मग ती फॉरवर्ड होत घरच्या ग्रुपवर येते आणि कुणीतरी चालू गोळी बंद करतं.

म्हणून असा दावा दिसला की मूळ निबंधाचा सारांश उघडा आणि क्रियापद शोधा. ‘सजेस्ट’ असेल तर मराठीत ‘असावा’ लावून वाक्य पुन्हा वाचा. गोळीबद्दल मात्र डॉक्टरांनाच विचारा.